२८ ग्रॅम लोखंड, २४ ग्रॅम गंधक. मग कमी पडतं ते लोखंड कसं?

मावशी_विटा

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी कॉमर्सची. विट्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते. दहावीनंतर केमिस्ट्रीशी माझा संबंध आला तो सिलेंडर बदलण्यापुरता. बहिणीचा मुलगा यंदा अकरावी सायन्ससाठी आमच्याकडे राहायला आलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता एकदम सगळं इंग्रजीत. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं वही घेऊन बसतो. मोल म्हणजे किंमत, एवढंच मला ठाऊक होतं. आता दुसरंही मोल असतं हे कळलंय, पण कळलंय म्हणजे नुसतं नाव कळलंय.

तीन गणितांवर चार दिवस अडकलोय. उत्तरं आहेत, ती आमच्याशी जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत ते कळत नाही. सरांना विचार म्हटलं तर म्हणतो, भरल्या वर्गात हात वर करायला लाज वाटते. फोनवर मराठी कळफलकच आहे, म्हणून सूत्रं मराठी अक्षरांत लिहितेय, सांभाळून घ्या.

पहिलं. २८ ग्रॅम लोखंड आणि २४ ग्रॅम गंधक एकत्र तापवलं, लोह सल्फाइड किती मिळेल? एकास एक असं समीकरण आहे. आम्ही म्हटलं, गंधक कमी आहे, २४ च ग्रॅम, तर २४ ग्रॅम लोखंडच वापरलं जाईल, ४८ ग्रॅम माल मिळेल आणि ४ ग्रॅम लोखंड उरेल. उत्तर आहे ४४ ग्रॅम, आणि उरतंय ते गंधक! कमी असलेली वस्तू उरते कशी?

दुसरं. एका पदार्थात कार्बन ४० टक्के, हायड्रोजन ६.६७ टक्के, बाकी ऑक्सिजन. रेणुवस्तुमान १८०. सूत्र काढा. टक्क्यांना अणुवस्तुमानानं भागून ३.३३, ६.६७, ३.३३ आले. भाच्यानं ते ३, ७, ३ केले आणि मग पुढे १८० चा मेळ काही केल्या बसेना. सी३एच७ओ३ चं वजन ९१ होतं, दुप्पट केलं तर १८२. म्हणाला, 'मावशी, दोनच तर कमी-जास्त आहेत, चालेल.' माझ्या नोकरीत दोन रुपयांचा फरक असला तरी रात्री आठपर्यंत बसवतात, त्यामुळे मला काही ते चालेना.

तिसरं मोरचुदाचं. सूत्र सीयूएसओ४, मग टिंब, मग ५ एच२ओ. यात पाणी किती टक्के? टिंब म्हणजे गुणिले ना? आम्ही १५९.५ गुणिले ९० केलं, १४३५५ आलं. एवढा मोठा आकडा बघून तो हसला, मी घाबरले.

कुणी नीट समजावून सांगेल का? नुसतं उत्तर नको. उत्तर आमच्याकडे आहेच.

पाठांतर_शून्य

सोपं आहे. पायऱ्या लिहून ठेवा. ग्रॅम भागिले मोलर वस्तुमान म्हणजे मोल. मोल भागिले समीकरणातला गुणांक. ज्याचा भागाकार लहान तो लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ. उत्तर त्याच्यावरून काढायचं. दुसऱ्यात सगळ्यांना सगळ्यात लहान आकड्यानं भागा. तिसऱ्यात बेरीज करा, गुणाकार नाही. रोज वीस गणितं केली की आठ दिवसांत हात बसतो.

मावशी_विटा

आभारी आहे. पण हे भाच्याच्या नोट्समध्येही असंच लिहिलंय, चौकटीत, दोन रंगांच्या पेनानं. गुणांकानं *का* भागायचं ते तिथंही नाही. आणि कमी वजनाची वस्तू उरते कशी, ते अजून तसंच राहिलं.

मोरचूद_काका

ताई, वरच्या भावानं लिहिलंय त्यात चूक काही नाही. फक्त ते ज्याला आधीच येतं त्याच्या कामाचं आहे. मी तासगाव तालुक्यातला. बी.एस्सी. केमिस्ट्री १९८६, नंतर एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आणि दीड एकर द्राक्षबागेचा चाकर. जरा लांबण लागेल. भाच्यालाही शेजारी बसवा.

पूजेचा विडा आठवा. दोन पानं, एक सुपारी. घरात पन्नास पानं आहेत नि तीस सुपाऱ्या. विडे किती लागतील? पानांकडून बघितलं तर पंचवीस, सुपारीकडून तीस. म्हणजे पंचवीसच. पाच सुपाऱ्या ताटात राहिल्या. पानं संख्येनं जास्त होती, तरी आधी पानंच संपली. तुम्ही विचारलंत ना, गुणांकानं का भागायचं? पन्नासाला आपण दोननं का भागलं, तेच त्याचं उत्तर. 'एवढ्या मालात विडे किती' असं प्रत्येक वस्तूला वेगवेगळं विचारायचं आणि जी सगळ्यात कमी आकडा सांगेल तिचं ऐकायचं. समीकरणात पदार्थाच्या आधी लिहिलेला आकडा म्हणजे एका विड्याला लागणारे नग.

नग म्हणालो, ग्रॅम नाही. सगळी गोम इथं आहे. समीकरणाला वजन कळत नाही. लोखंड अधिक गंधक, एकास एक, याचा अर्थ लोखंडाच्या एका अणूला गंधकाचा एक अणू. एक ग्रॅमला एक ग्रॅम असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. ते तुम्ही दोघांनी मनानं घातलंत. घाबरू नका, वर्गातली निम्मी पोरं तेच करतात.

आता मी म्हटलं, पाव किलो पानं आहेत आणि पाव किलो सुपारी आहे, विडे किती? तुम्ही काय विचाराल? एक पान किती ग्रॅमचं, एक सुपारी किती ग्रॅमची. बरोबर? तोच प्रश्न लोखंड-गंधकाला विचारायचा राहिला. लोखंडाचा अणू जड, ५६. गंधकाचा हलका, ३२. तेवढे ग्रॅम घेतले की नगांचा एक ठरावीक गठ्ठा होतो, त्यालाच मोल म्हणायचं. म्हणून २८ ग्रॅम लोखंडात अर्धा मोल नग बसतात आणि २४ ग्रॅम गंधकात पाऊण मोल. तराजूवर लोखंड जास्त दिसतंय, पण डोकी मोजली तर गंधकाची जास्त. अर्ध्याला अर्धा जोडीदार मिळाला, गंधकाचा पाव मोल उरला, म्हणजे ३२ चा पाव, ८ ग्रॅम. तयार झालेलं लोह सल्फाइड अर्धा मोल, ८८ चं अर्धं ४४. आता तुमच्या धंद्यातलं करा: आत गेले २८ अधिक २४, बावन्न. बाहेर आले ४४ अधिक ८, बावन्न. ताळा जुळला.

तुमच्या उत्तरातही ४८ अधिक ४ बावन्नच होतात, हे लक्षात आलं का? म्हणजे ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असं नाही. पण जुळला नाही तर उत्तर चूक, एवढं नक्की. आता मोल म्हणजे काय, तर डझन, ग्रोस यांच्यासारखा एक गठ्ठा. अणू इतका बारीक की गठ्ठाही तसाच मोठा लागतो, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. २० मे २०१९ पासून तर हा आकडा व्याख्येतच कायमचा पक्का करून टाकलाय. पण असली गणितं सोडवताना तो आकडा लागतच नाही. केळी डझनानं घेताना बारा बारा कोण मोजतं? भाच्याला सांगा, तो आकडा पाठ असू दे, पण वहीत प्रत्येक पायरीला आणून बसवू नकोस.

दुसरं गणित. ३.३३ चे ३ केले तिथंच घात झाला. ताई, तुम्ही व्याजाचं पूर्णांकन कधी करता? शेवटी. दर महिन्याला पैसे सोडत गेलात तर वर्षाखेरीस खातं जुळेल का? इथंही आधी भागायचं. तिघांत लहान ३.३३, त्यानं तिघांनाही भागा: १, २, १. म्हणजे सीएच२ओ. त्याचं वजन १२, २ आणि १६ मिळून ३०. रेणू आहे १८० चा, म्हणजे सहापट. सी६एच१२ओ६, ग्लुकोज. गंमत अशी की नुसती टक्केवारी बघितली तर व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल हेच आकडे देतं, त्याचा रेणू ६० चा, दुप्पट. फॉर्मॅलिनमधला फॉर्मल्डिहाइडही हेच आकडे देतो, तो ३० चा, एकपट. सलाइनमधली साखर, लोणच्यातलं आम्ल आणि प्रयोगशाळेतल्या बरणीत बेडूक टिकवणारा पदार्थ, तिघांचं प्रमाण एकच! म्हणून गणितात रेणुवस्तुमान वेगळं द्यावं लागतं. ते दिलं नसेल तर सीएच२ओ वर थांबायचं, पुढं जायचा आपल्याला अधिकार नाही.

आणि भागून १.५ आलं तर २ करू नका हो. लोखंड ७० टक्के, ऑक्सिजन ३० टक्के असलेलं ऑक्साइड घ्या. १.२५ आणि १.८७५ येतात, भागून १ आणि १.५. पोरं लगेच एफईओ२ लिहून मोकळी. दीड अणू नसतो हे खरं, पण म्हणून दीडचे दोन होत नाहीत. दोन्हीकडं दुप्पट करा: एफई२ओ३. गंजातलं लोखंड जवळपास याच हिशेबात बसलेलं असतं.

तिसरं. टिंब म्हणजे गुणिले नव्हे. सूत्रातलं ते टिंब 'सोबत' असं वाचा. एक कॉपर सल्फेट, सोबत पाच पाणी. १५९.५ अधिक ९०, झाले २४९.५. त्यातले ९० पाण्याचे, म्हणजे ३६ टक्के आणि वर थोडंसं. एक किलो निळाशार मोरचूद विकत घेतला तर त्यात ३६० ग्रॅम पाणी घेतलं! पण हे पाणी ओलं नाही. खडा कोरडाच लागतो, पाणी स्फटिकात बसलेलं असतं. परीक्षानळीत तापवला की पाणी निघून जातं आणि पांढरी पूड उरते. वर एक थेंब टाका, पुन्हा निळी. हे भाच्याला कॉलेजच्या लॅबमध्ये डोळ्यांनी बघू दे, मग टिंब आयुष्यात विसरणार नाही.

आता मोरचूद निघालाच आहे तर माझी फजिती सांगतो. लिमिटिंग रिएजंट मला बी.एस्सी.त कळला नव्हता, तो बागेत कळला.

द्राक्षावर केवडा रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात हे तुम्हाला विट्यात सांगायला नको. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. फ्रान्समध्ये बोर्डोजवळचे बागाईतदार रस्त्याकडच्या वेली चोरांनी तोडू नयेत म्हणून त्यावर तांबं-चुन्याचं पाणी शिंपडायचे. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींना केवडा नाही, आणि १८८५ मध्ये त्यानं ही कृती प्रसिद्ध केली. आमचे वडील मियार्देचं नाव न ऐकता किलोला किलो घालत आले होते.

१९८६ च्या ऑक्टोबर छाटणीनंतर मी ताजा पदवीधर. कागद घेऊन बसलो. मोरचूद एक किलो भागिले २४९.५, चार मोल. एका मोरचुदाला एक चुना पुरतो, तर चुनाही चार मोल. कळीचा चुना सीएओ, ५६. चार छपन्न दोनशे चोवीस. वडिलांना म्हटलं, 'आबा, पाव किलोसुद्धा चुना लागत नाही, तुम्ही चौपट घालताय. वाया जातोय.' आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पिंपात एक किलो मोरचुदाला मोजून अडीचशे ग्रॅम चुना घातला, वर थोडा जास्तच म्हणून. चार दिवसांत कोवळी पानं कडेनं करपली.

हिशेबात चूक नव्हती. आजही तो कागद काढला तरी मार्क पूर्ण मिळतील. पण चुना चुना राहिला नव्हता. पोतं पावसाळाभर उघडं पडलं होतं. कळीचा चुना हवेतलं पाणी पितो, फुटून भुकटी होते, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू त्याची खडू होते. तराजू अडीचशे दाखवतोय, पण त्यात कामाचे नग किती? निम्मेही नसतील. चुना आधी संपला, तांबं मोकळं राहिलं आणि त्यानं पानं भाजली.

आबांनी काय केलं, तर विळा आणला. उरलेल्या मिश्रणात पातं बुडवून धरलं नि बाहेर काढलं. पात्यावर तांबूस लेप. म्हणाले, 'लेप आला की चुना घालायचा. लेप येत नाही तोवर घालत राहायचा. तुझ्या कागदावर विळा होता का?' मोकळं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड पाण्यात उतरतं, हे मी परीक्षेत अभिक्रियेसकट लिहून आलो होतो. आबा तेच विळ्यानं दर वर्षी बघत होते. कोणता पदार्थ आधी संपला याची ती परीक्षा होती. (म्हणूनच बोर्डो लोखंडी पिंपात करत नाहीत. प्लॅस्टिकचं घ्या.)

तांबं आधी संपलं पाहिजे, चुना उरला पाहिजे, म्हणून चुना मुद्दाम जास्त. मी ज्याला वाया म्हणत होतो तो राखणदार होता. खऱ्या बोर्डोत तयार होणारा निळा साका माझ्या एकास एक समीकरणापेक्षा गुंतागुंतीचा असतो, ते भाच्याला एम.एस्सी.ला कळेल. अकरावीला एवढं पुरे.

खतवाला_पाटील

काकांचं पोस्ट दोनदा वाचलं. मी कृषी सेवा केंद्र चालवतो, तुमच्या मानानं शिक्षण कमी. पण सूत्र वाचायला पोराला शिकवायचंच असेल तर खताची पोती दाखवा.

युरिया घ्या. एनएच२-सीओ-एनएच२. नायट्रोजन दोन, म्हणजे २८. कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन चार. एकूण ६०. अठ्ठावीस भागिले साठ, ४६.६७ टक्के. पोत्यावर ४६ छापलेलं असतं. माझ्या मुलीनं हे गणित वहीत केलं आणि मग दुकानात येऊन पोतं बघितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. पोतं आता ४५ किलोचं येतं, पूर्वी ५० चं होतं, त्यामुळे जुन्या माणसांचा एकरी हिशेब अजून चुकतो. ४५ किलोत नत्र २०.७ किलो.

डीएपी खतावर मात्र सावध. १८:४६ मधला ४६ हा स्फुरदाचा (फॉस्फरसचा) नाही, पी२ओ५ चा आहे. आणि पोत्यात पी२ओ५ नावाचा पदार्थ नसतोच! ती मोजायची जुनी रीत आहे, सगळा स्फुरद या रूपात असता तर किती भरला असता अशी. पी२ओ५ म्हणजे ३१ दुणे ६२ अधिक ८०, १४२. ५० किलोच्या पोत्यात २३ किलो पी२ओ५, त्यात खरा स्फुरद २३ गुणिले ६२ भागिले १४२, जेमतेम दहा किलो. पोटॅशचंही तसंच, तिथं के२ओ. शेतकरी विचारतो, '४६ लिहिलंय नि तुम्ही २० टक्के सांगताय, बाकीचं कुठं गेलं?' मी सांगतो, 'ऑक्सिजनमध्ये गेलं, पण तो पोत्यात पी२ओ५ म्हणून नाही.' यावर तो माझ्याकडं असा बघतो की पुढं बोलवत नाही.

पाठांतर_शून्य

विळ्याची गोष्ट मस्त. मी वर लिहिलेल्या पायऱ्या बरोबर आहेत एवढं मात्र काकांनी मान्य केलंय, नोंद घ्यावी. :)

मावशी_विटा

काका, काल रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. विड्याचं त्याला इतकं पटलं की देवघरातून खऱ्या सुपाऱ्या आणून मांडल्या. सासूबाई ओरडल्या.

मग त्याच्याच पुस्तकातलं नवं गणित त्यानं एकट्यानं केलं. मॅग्नेशियम ६ ग्रॅम, ऑक्सिजन ६ ग्रॅम, मॅग्नेशियम ऑक्साइड किती, काय उरलं? समीकरण: दोन मॅग्नेशियम, एक ऑक्सिजन, दोन मॅग्नेशियम ऑक्साइड. त्यानं लिहिलं ते असं. मॅग्नेशियम ६ भागिले २४, पाव मोल. ऑक्सिजन ६ भागिले १६, ०.३७५ मोल. विडे: मॅग्नेशियमकडून ०.१२५, ऑक्सिजनकडून ०.३७५. म्हणून मॅग्नेशियम आधी संपणार. ऑक्साइड पाव मोल, ४० चा पाव १० ग्रॅम. ऑक्सिजन वापरला ०.१२५, उरला ०.२५ मोल, गुणिले १६, म्हणजे ४ ग्रॅम.

सगळं नीट दिसत होतं. मी केमिस्ट्रीत काही बोलू शकत नाही, म्हणून मी माझंच केलं. आत १२ ग्रॅम. बाहेर १० अधिक ४, चौदा. दोन ग्रॅम जास्त! म्हटलं, बाळा, हे खातं जुळत नाही. तो म्हणाला पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत. मी म्हटलं असतील, पण दोन ग्रॅम आले कुठून ते सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही. अर्धा तास शोधलं, सापडलं नाही. काका, चूक कुठं आहे?

मोरचूद_काका

ताई, तुम्हाला लॅबमध्ये घ्यायला हवं होतं.

चूक १६ मध्ये आहे. हवेतला ऑक्सिजन एकटा फिरत नाही, जोडीनं फिरतो. ओ२. समीकरणात जो 'एक ऑक्सिजन' लिहिलाय तो एक जोडपं आहे, वजन ३२. भाच्यानं मोजताना माणसं मोजली आणि समीकरण वाचताना जोडपी वाचली. ६ भागिले ३२ म्हणजे ०.१८७५. वापरला ०.१२५, उरला ०.०६२५, गुणिले ३२, दोन ग्रॅम. दहा अधिक दोन, बारा. करा सही.

लक्षात घ्या, ऑक्साइडचे १० ग्रॅम त्याचे आधीच बरोबर होते. प्रश्नात 'काय उरलं' विचारलं नसतं तर चूक झाकलीच गेली असती. पुढच्या वेळी ऑक्सिजन कमी दिला असता तर मात्र पूर्ण उत्तरच गेलं असतं. जोडीनं राहणारे सात आहेत: हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव म्हणावं. एवढं पाठांतर मलाही मान्य आहे.

मावशी_विटा

०.०६२५! तो आता स्वतःलाच टपली मारतोय.

एक शेवटचं विचारतोय. पुढं 'पर्सेंटेज यील्ड' आहे. ते म्हणजे उसाचा उतारा का? आजोबांच्या तोंडी सारखा उतारा असतो, म्हणून.

मोरचूद_काका

शब्द छान पकडला, पण नाही. उसात साखर आधीच असते, कारखाना ती फक्त बाहेर काढतो, नवीन तयार करत नाही. उतारा म्हणजे उसाच्या वजनात साखर किती हाती लागली. त्यात समीकरण नाही. यील्डला समीकरण लागतं: कागदावर किती मिळायला हवं होतं आणि खरं किती मिळालं.

त्यासाठी शेजारच्या डिस्टिलरीत या. ग्लुकोजचा एक रेणू यीस्टनं खाल्ला की दोन अल्कोहोल आणि दोन कार्बन डायऑक्साइड. १८० ग्रॅमचे जास्तीत जास्त किती अल्कोहोल होतील ते त्यालाच काढू दे. अल्कोहोल सी२एच५ओएच. एवढे कधीच मिळत नाहीत, कारण यीस्टलाही पोट आहे, ते वाढायला थोडी साखर खातं, आणि थोडं इकडंतिकडं दुसरं काहीतरी होतं. आता समज ९ किलो ग्लुकोजपासून ४.१४ किलो अल्कोहोल हाती आलं. यील्ड किती?

आणि एक कोडं, लॅबमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी घालायचो. मळीतली साखर, सी१२एच२२ओ११, ३४२ ची. यीस्ट आधी ती फोडतं आणि तिचे ग्लुकोज नि फ्रुक्टोज होतात, प्रत्येकी १८०. ३४२ किलोचे ३६० किलो! अठरा किलो कुठून आले?

मावशी_विटा

अठरा किलो पाणी. एच२ओ, १८. त्यानं दोन सेकंदांत सांगितलं, मला हातात पेनसुद्धा घेऊ दिलं नाही.

अल्कोहोल ४६, दोन म्हणजे ९२. कार्बन डायऑक्साइड ४४ दुणे ८८. ९२ अधिक ८८, १८०. जुळलं. १८० ला ९२ तर ९ किलोला ४.६. मिळालं ४.१४, म्हणजे ९० टक्के.

झोपतो आता. त्याचा सकाळी सहाला क्लास आहे, आणि सुपाऱ्या मला परत देवघरात ठेवायच्यात, सासूबाई उठायच्या आत.